राजाबाईचे बांधलेले हात

मुक्या जीवाला मागायची वेळ येऊ द्यायची नाही, हा राजाबाईच्या घराण्याचा कायदा. देवगाव रंगारीच्या शिवारात तिची साठ मेंढरं. त्यातलं एखादं जरी तहानलेलं असलं तरी नुसत्या मानेच्या ठेवणीवरून ती शंभर पावलांवरून ओळखायची. "मेंढरू वरडलं म्हंजी धनगराचं डोळं फुटलं," असं तिची सासू म्हणायची. राजाबाईचं मेंढरू चाळीस वर्षांत पाण्यासाठी कधी ओरडलं नव्हतं. याचा तिला ताठा होता, आणि का नसावा? शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईची तीच पदवी होती.

त्याच पदवीपायी आपल्या नातीचं नुकसान होतंय, हे मात्र तिला पंचविशीतल्या एका पोरीनं तोंडावर सांगितलं.

नात गोदा, साडेचार वर्षांची. राजाबाईचा मुलगा कारभारी आणि सून सुगंधा दोघंही शेंद्र्याला कंपनीत कामाला, आणि तिथंच भागूबाई नावाच्या म्हातारीच्या घरात भाड्याच्या खोलीत राहायला. गोदा बोलत नव्हती. हाक मारली तर वळत नव्हती. मेंढराच्या गळ्यातलं एक जुनं घुंगरू कानाशी धरून तासन्‌तास डुलत बसायची. शहरातल्या डॉक्टरांनी स्वमग्नता म्हणून सांगितलं. हा काही आजार नव्हे, पोरीची घडणच निराळी आहे, औषध नाही. पण तिच्या कलानं शिकवलं तर ती शिकेल, असंही सांगितलं. तेव्हा नातीला सांभाळायला राजाबाई आखाडात शेंद्र्याला आली ती दिवाळीपर्यंतच्या बोलीवर. दिवाळीनंतर मेंढरं चरायला लांब न्यायची, आणि नवरा मुंजाबा गुडघ्यांनी थकलेला, गावाजवळ चारण्यापुरताच. पुढं दिवसभर गोदाला बघणार होती भागूबाई. बाई मायेची, पण तिचं एकच रडगाणं, "हिला भूक लागली का तहान, मला कसं कळावं माय?"

राजाबाईला हाच घोर लागला होता. तिला गोदाचं सगळं कळायचं. पोरीची जीभ खालच्या ओठावर आली की तहान, पायाची बोटं आखडली की भूक. ओळखायचं आणि हातात आणून द्यायचं. पण ती गेल्यावर कोण ओळखणार?

आठवड्यातून दोनदा ती गोदाला बसनं शहरातल्या थेरपी केंद्रात न्यायची. तिथल्या पंचविशीतल्या नसरीन मॅडम मराठी बोलता बोलता दखनी उर्दूत घसरायच्या. पहिल्याच दिवशी घरची सगळी हकिगत ऐकून त्यांनी गोदाचं घुंगरू आपल्या तळहातावर धरलं, तिच्या डोळ्यांसमोर आणलं आणि नुसत्या थांबल्या. गोदा घुंगराकडं बघत राहिली. राजाबाईला काही हे बघवेना. तिनं झटकन घुंगरू उचलून नातीच्या हातात दिलं.

"दादी, किसने मांगा?" मॅडम हसून म्हणाल्या.

"मागायला कशाला पायजे? मला दिसतंय की!"

"तुम्हाला दिसतंय. दिवाळीनंतर भागूबाईंना दिसेल?"

राजाबाईच्या जिव्हारी लागलं. ती फणकारली, "लेकराला भीक मागायला शिकवू व्हय? आमच्या घरात कुणी कुणापुढं हात पसरत नाय."

"भीक नाही, दादी. ही तिची बात आहे. तुम्ही तिला बोलायची गरजच पडू देत नाही."

घरी जाताना बसमध्ये राजाबाई धुमसत होती. रागावली होती ती मॅडमवर नाही. मॅडमचं बरोबर होतं म्हणून रागावली होती.

पुढच्या वेळी मॅडमनी घुंगरू, पाणी अशा चित्रांची कार्डं दिली आणि रीत समजावली. रीत सांगायला सोपी होती. गोदाला जे हवं ते दिसेल असं ठेवायचं, मनात पाच मोजेपर्यंत थांबायचं. तिनं चित्राचं कार्ड दिलं, आवाज काढला, बोट दाखवलं, काहीही केलं तरी वस्तू त्याच क्षणी द्यायची आणि तोंड भरून कौतुक करायचं. काहीच केलं नाही तर तिचा हात हलकेच धरून कार्ड द्यायला मदत करायची, आणि तरीही वस्तू द्यायचीच. पोरीला तहानेलं ठेवायचं नाही, रागवायचं नाही, डुलणं बंद पाडायचं नाही. डुलून तिला बरं वाटतं, मग डुलू दे.

पण कळतं पण वळत नाही, तशी राजाबाईची गत. पाच मोजायला बसली की दोनावरच हात तांब्याकडं! शेवटी तिनं नामी युक्ती काढली. पदराचा पिळा करायचा आणि स्वतःचेच दोन्ही हात त्यात गुंडाळून बसायचं. भागूबाई म्हणायची, "पालथ्या घड्यावर पाणी हाय हे, राजाबाई." राजाबाई म्हणायची, "घडा पालथा हाय का उताणा, ते दिवाळीला बघू."

महिना गेला. घुंगराचं कार्ड गोदा आपणहून देऊ लागली, पण पाण्याच्या कार्डाला हात लावीना. मॅडमही बुचकळ्यात पडल्या. राजाबाईनं ते कार्ड निरखून पाहिलं. त्यावर काचेचा झळझळीत गिलास होता.

"मॅडम, ह्यो गिलास हिनं बघितलाय कुठं? आमी तांब्यानं पितो."

मॅडमनी कपाळावर हात मारला. सुगंधानं घरातल्या पोचे पडलेल्या तांब्याचा मोबाइलवर फोटो काढला, मॅडमनी त्याचं कार्ड केलं. तिसऱ्या दिवशी गोदानं ते उचलून आजीच्या गुंडाळलेल्या हातांवर ठेवलं आणि वर "पा" असा आवाज काढला. मॅडमनी ही गोष्ट केंद्रात येणाऱ्या सगळ्या मुलांच्या आयांना सांगितली. "ये दादी की नजर है," म्हणाल्या. ज्या नजरेपायी बोलणी खाल्ली, तिचीच अशी तारीफ! राजाबाई परतताना बसमध्ये ताठ बसून होती.

तरी खरी परीक्षा पुढंच होती. आजीला कार्ड देणं वेगळं, परक्याला देणं वेगळं.

वसुबारसेच्या दुपारी भागूबाई ओट्यावर वाती वळत होती. राजाबाईनं तांब्या तिच्याजवळ ठेवला, कार्ड दाराच्या खिळ्याला अडकवलं, आणि आपण अंगणापलीकडं लिंबाखाली जाऊन बसली. गोदा दारात घुंगरू वाजवत होती. थोड्या वेळानं तिची जीभ खालच्या ओठावर आली. वीस पावलांवरून राजाबाईला ते दिसलं. तिनं पदराला पिळा घातला आणि मोजायला लागली. पाच झाले. दहा झाले. पिळा मनगटात रुतला.

गोदा उठली. तिनं खिळ्याचं कार्ड काढलं. क्षणभर अंगणाकडं, आजीच्या दिशेनं वळली. मग पोर तशीच मागं फिरली, भागूबाईपाशी गेली आणि वातींच्या ढिगावर कार्ड ठेवून म्हणाली, "पा."

"अगं माय, पाणी मागती की गं माझ्याकडं!" भागूबाईच्या हातातल्या वाती सांडल्या. गोदा घटाघटा पाणी प्यायली.

राजाबाईनं हात सोडवले. डोळे पुसायला तेच लागणार होते. संध्याकाळी तिनं कारभारीच्या फोनवरून मुंजाबाला सांगितलं, "भाऊबीज झाली की येते. मेंढरं तयार ठेवा."

"आन् पोरीचं कसं?" मुंजाबानं विचारलं.

"तिला तहान लागली, तिनं पाणी मागितलं," राजाबाई म्हणाली. "मी समोर बसले हुते, तरी माझ्याकडं नाय आली. भागूबाईकडं मागितलं." आणि हे सांगताना तिची मान अशी ताठ झाली होती की पलीकडं मुंजाबाला दिसली असती.