झाकणाचे ट्रे

ऑफिसात सगळे तिला पाठीमागे ‘फूटपट्टी’ म्हणायचे आणि ते तिला ठाऊक होतं. इमारतींच्या विजेचे नकाशे काढण्यात तिची वीस वर्षं गेली होती. केबल कुठून जाणार, कशावरून जाणार, हे तिच्या कागदावर ठरायचं. मग उन्हातान्हात छतावर चढून ते करायचं दुसऱ्याच कुणीतरी. तिचा धाकटा भाऊ त्यांच्यातलाच एक, वायरमन.

पाच वर्षांपूर्वी तो एका गोदामाच्या छतावर केबल तपासायला गेला होता. दोन छतांमधल्या मोकळ्या जागेवरून केबलचा ट्रे, म्हणजे केबल ज्यात ठेवतात ती पत्र्याची लांब पन्हळ, गेलेला. वरून झाकण ठाकठीक दिसत होतं, म्हणून त्यावर पाय देऊन तो पलीकडे निघाला. आत तळाची गंजून चाळण झालेली. ट्रे मोडला आणि तो दोन मजले खाली गेला. जीव वाचला, कमरेखालचं अंग मात्र कायमचं गेलं. ट्रे काही चालण्यासाठी नसतो, एवढं एक वाक्य चौकशीत लिहिलं गेलं आणि सगळे मोकळे झाले.

तीही मोकळी झाली. ते ट्रे निवडले होते तिनेच. उन्हाने केबलचं वेष्टन तडकतं, म्हणून बंद तळाचे आणि झाकणाचे. झाकणाच्या सांध्यांतून पाणी शिरेल आणि आतल्या आत साचून राहील, हे तेव्हा तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. घरात तिने याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

आता एका दवाखान्याच्या छताचं काम तिच्याकडे आलं. ट्रेचा रकाना आला आणि तिचा हात अडला. तीन दिवस तो कोराच. साहेबांनी दोनदा आठवण करून दिली. शेवटी कागदांची गुंडाळी घेऊन ती भावाकडे गेली.

कामाचं कुणीतरी आपल्याला विचारतंय, याचंच त्याला इतकं अप्रूप वाटलं की त्याने बायकोला चष्मा शोधायला पिटाळलं. मग खाटेवर नकाशा पसरून तो तासभर बोलत होता. तळाला भोकं असलेले ट्रे घे, म्हणजे पाणी थांबणार नाही. पत्रा कापून, भोकं पाडून झाल्यावर जस्तात बुडवलेला हवा, नाहीतर कापल्या कडेपासून गंज धरतो. छतापासून वीतभर वर घे. ऊन लागतंय तर उन्हाला टिकणारी केबल घाल. आणि लोक पाय देणारच हे धरून चाल. जिथे ओलांडायचं तिथे वरून लोखंडी पायरी दे. कितीतरी दिवसांनी त्याचा आवाज पूर्वीसारखा लागला होता.

मग तो हसत म्हणाला, “गोदामावर ते झाकणाचे ट्रे ज्या शहाण्याने निवडले ना ताई, तो जन्मात छतावर चढला नसेल.”

“मी निवडले होते,” ती म्हणाली.

त्याला नीट ऐकू आलं नसावं असं वाटून तिने पुन्हा सांगितलं. वहिनी दारातच थबकली. भावाने नकाशावरून नजर उचलली.

“पाच वर्षं माहीत होतं तुला?”

तिने होकारार्थी मान हलवली. त्याने पेन्सिल उचलली, जिन्याजवळ राहून गेलेली एक पायरी काढली, कागदांची नीट गुंडाळी केली आणि तिच्या हातात दिली.

“दवाखान्याचं काम नीट कर,” तो म्हणाला. “यापुढे मला काही दाखवायला आणू नकोस.”

काम नीट झालं. ट्रे लावून झाल्यावर ती छतावर गेली, एकेक सांधा वाकून पाहिला, प्रत्येक पायरीवर स्वतः उभी राहिली. साहेब खूश झाले.

भावाकडे ती अजूनही दर आठवड्याला जाते. वहिनी चहा करते, दोघी स्वयंपाकघरात बसून इकडचं तिकडचं बोलतात. ती आली की तो आतून आपल्या खोलीचं दार लोटून घ्यायला सांगतो. त्याला खाटेवरून उठता येत नाही, त्यामुळे ते दार वहिनीलाच लोटावं लागतं.