आईनं दिलेलं उत्तर

संधिवातानं बोटं वाकडी झाली आणि लोणावळ्यात चिक्की लाटायचं माझं काम सुटलं. अपंगत्वाचा दाखला मिळाला तर पेन्शनचा अर्ज करता येणार होता, म्हणून लोणावळ्याजवळच्या आमच्या औंढे गावाहून आईला घेऊन पुण्याच्या सरकारी दवाखान्यात गेले. त्या सकाळीही माझी वेणी आईनंच घातली होती, ब्लाऊजची बटणं तिनंच लावली होती.

डॉक्टरांनी बोटं दाबून पाहिली आणि आईला विचारलं, "मावशी, घरात ही काय काय करते?"

आई पदर सावरून बसली. "सगळं करती. भाकऱ्या, धुणं, भांडी. कशालाबी न्हाई म्हनत न्हाई माझी लेक."

मला बघायला येणाऱ्या पाहुण्यांना ती हेच सांगायची, याच सुरात.

माझं डोकंच फिरलं. "आई, खरं सांग की!" मी ओरडले. डॉक्टरांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू खोटारडी मीच. दाखल्यावर अपंगत्वाचे टक्के इतके कमी पडले, की अर्जच करता येईना.

परतताना स्टेशनवर मी बाकावर तिच्यापासून अंतर ठेवून बसले. तिनं वडापावचा तुकडा मोडून माझ्या तोंडाशी धरला. पण त्याआधी तिनं इकडंतिकडं बघून घेतलं, कुणी ओळखीचं नाही ना म्हणून.