कंप्युटरचा कौल

धोंडू परब अंधेरीतल्या एका कंपनीत साधा शिपाई, पण शिमग्याला गावी गेला की छाती फुगवून सांगायचा, "मी कंप्युटर सांभाळतंय!" थंडगार खोली, चपला बाहेर काढायच्या, आत मोठ्याने बोलायचं नाही. गावाला ते देऊळच वाटलं. मग विहीर कुठे खणायची, पोरगी कुठे द्यायची, सगळे धोंडूलाच विचारू लागले आणि हा पठ्ठ्या बेधडक उत्तरं देऊ लागला.

देवाला कौल लावणाऱ्या काशीराम गुरवाचं टाळकं सरकलं. तो नारळ घेऊन थेट अंधेरीत धडकला, चपला काढून यंत्रापुढे उभा राहिला आणि गरजला, "हे कंप्युटर महाराजा, तू खरो असशीत तर आत्ताच खूण दाखव!"

"होय महाराजा!" गावच्या गाऱ्हाण्याला साथ द्यायच्या सवयीने धोंडू ओरडला.

तेवढ्यात लाईट गेली. यंत्र गप्प.

"मिळालो कौल," अंधारात चपला चाचपत काशीराम म्हणाला. "आमच्या देवाक लाईट लागना नाय."