गौरीचं मटण कोणी सोडलं?

२००९ साली स्वाइन फ्लूची साथ देशभर पसरत होती. किन्हवलीजवळच्या एका गावात मैनाबाई नर्स होत्या. तापाच्या रोग्यांचा आकडा त्या रोज तालुक्याला कळवत. गावोगावच्या अशा आकड्यांवरूनच साथ कुठे सरकतेय ते दिल्लीला कळायचं. पण रोग्याला मुंबईला उचलून नेतील, या भीतीनं दारोदार एकच उत्तर मिळे, "ताप? नाय गो बाई!"

"रोज शून्य कळवू काय? गावात माणसं ऱ्हातात का दगड?" मैनाबाई फणफणायच्या.

तेवढ्यात गौरी आल्या. श्रावण पाळून आसुसलेल्या त्या गावात गौरीला घरोघर मटण शिजतं, आणि धडधाकट माणूस ते सोडत नाही. दुसऱ्या सकाळी मैनाबाई थेट विहिरीवर गेल्या.

"काल मटणाला कोण नाय बोललं गो?"

बायका खाली बघून कळश्या घासू लागल्या. मैनाबाईंनी पदर खोचला.

"मग माझ्यापासून धरा. आमच्या मालकांनी शिवलं नाय. अंग तापलंय त्यांचं. पहिला आकडा माझ्या घरचा."

शेजारच्या धोंडीबाईनं भरलेली कळशी खाली ठेवली.

"घरी चल," ती म्हणाली. "आमच्यात तिघांनी नाय खाल्लं."