मी पप्पांची वाचा एकवर ठेवली

आमच्या घरात लिंबू फक्त सरबतासाठी येतं. बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या माणसाचा मी मुलगा, त्यामुळे भूत, करणी, नजर असलं काही आमच्या उंबऱ्याच्या आत आलंच नाही. भुताखेतांच्या अनुभवांच्या या ग्रुपवर मी आजवर फक्त हसायला यायचो. एक-दोन जणांच्या अनुभवांखाली आगाऊ कमेंटही केल्यात... त्यांची आधी माफी मागतो.

मी सातपूरला एका वर्कशॉपमध्ये सीएनसी मशीन चालवतो. तीनला सुटलो की घरी लॅपटॉपवर गेम. तलवारी, राक्षस, जंगल वगैरे. सुरुवातीला आपला माणूस बनवायचा असतो. ठरावीक पॉइंट मिळतात, ते ताकद, चपळाई, वाचा अशा रकान्यांत वाटायचे. स्वतःला हुशार समजणारे एक रकाना पार उपाशी ठेवतात आणि तिथले पॉइंट ताकदीत ओततात. मीही त्यातलाच.

पप्पा रिटायर्ड फिटर. कॉलनीतल्या विहारात दर रविवारी वंदना तेच घेतात. माइक बंद पडला तरी शेवटच्या गल्लीत ऐकू जाईल असा आवाज. त्याच आवाजात त्या दुपारी म्हणाले, "बत्तीस वर्षांचा घोडा झाला, अजून बाहुल्या खेळतो."

मला राग आला. नव्या माणसाचं नाव ठेवलं 'पप्पा'. ताकद फुल. वाचा एक. एकच्या खाली गेम जाऊ देत नाही, नाहीतर तेही केलं असतं. खूप हसलो — एकटाच.

तिसऱ्या दिवशी सकाळी पप्पा चहा मागायला गेले आणि तोंडातून फक्त "त... त..." आलं.

मेंदूत रक्ताची गुठळी. डॉक्टर म्हणाले, "हातपाय शाबूत आहेत, फक्त बोलण्याचा भाग गेलाय." मी कॉरिडॉरमध्ये भिंत धरून उभा राहिलो. आईला वाटलं, पोराचं बापावर केवढं प्रेम.

घरी स्पीच थेरपीच्या मॅडम यायच्या. कपाचं चित्र दाखवायच्या. पप्पांना कप कळायचा, ओठ हलायचे, आणि "त". रविवारी विहारातला माइक सुरू झाला की पप्पा बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायचे. वंदना संपेपर्यंत बंद करायचे नाहीत.

मी गेम उघडला. एकदा वाटलेले पॉइंट परत घेता येत नाहीत. तो माणूसच उडवावा म्हटलं, तर स्क्रीनवर प्रश्न आला — 'पप्पा' कायमचे डिलीट करायचे? लॅपटॉप आपटून मिटला.

मग एक वाट आठवली. गेममध्ये जे काम जास्त करावं ते कौशल्य वाढतं. पहिल्याच गावातल्या लोहाराशी गोड बोललं की वाचा कणभर वाढते, आणि गेममधल्या एका चुकीमुळे तेच वाक्य कितीही वेळा बोलता येतं. मी वर्कशॉपमधला मोठा नट आणून एंटरवर ठेवला. माणूस दिवसभर बोलत राहिला.

"बाप मुका झाला अन् तू गेम चालू ठेवून कामाला जातो?" आई म्हणाली.

"बंद करू नको फक्त."

"लाज वाटू दे रे थोडी."

वाचा दोन झाली त्या संध्याकाळी पप्पा "पाणी" म्हणाले. तीनवर गेली तेव्हा आईचं नाव. सहावर अख्खं वाक्य, "भाजीत मीठ नाही." आई रडली, मॅडमनी पेढे खाल्ले. मॅडमची मेहनत, दुसरं काय... असं मीही म्हणत होतो.

आता माझा गाढवपणा. लॅपटॉपची बॅटरी फुगली म्हणून काढून ठेवली होती. आपोआप सेव्ह होणं बंद केलेलं, कारण त्याने लोहाराशी चाललेलं बोलणं मधेच तुटायचं. आणि हाताने सेव्ह करायचं चार दिवस विसरलो होतो.

एका शनिवारी साडेतीनला घरी आलो तर आई दारातच बसलेली. "सकाळी छान बोलत होते रे. अकराला लाईट गेली, पंखा थांबला, तेव्हापासून परत नुसतं पाणी, पाणी..."

लॅपटॉप लावला. वाचा दोन.

मॅडम म्हणाल्या, असे चढउतार होतात. मी मात्र आठ दिवस रजा टाकली, यूपीएस आणला, दर पंधरा मिनिटांनी सेव्ह करत बसलो. शेवटी पप्पांना शेजारी बसवून सगळं सांगून टाकलं. नाव, रकाने, लोहार. त्यांनी स्क्रीनवरच्या वाचेच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"एक?" ते म्हणाले.

"त्याच्याखाली जात नाही, पप्पा."

ते हसले. आजारपणात पहिल्यांदा. मग नट उचलून बाजूला ठेवला आणि स्वतःच एंटर दाबत बसले... आयुष्यभर अंधश्रद्धेवर भाषणं दिलेला माणूस, जेवणापर्यंत उठला नाही.

आता वाचा एकेचाळीस आहे. पप्पा हळू, थांबत थांबत, पण वंदना घेतात.

मागच्या महिन्यात गेमवाल्यांनी जाहीर केलं की नव्या अपडेटमध्ये लोहाराची चूक दुरुस्त होईल आणि तिच्यातून मिळवलेले पॉइंट सगळ्यांचे काढून घेतले जातील. अपडेट येऊच नये म्हणून मी स्क्रू काढून लॅपटॉपचं वायफाय कार्डच उपटलं.

डॉक्टरांकडे कारण आहे, मॅडमकडे आहे, माझ्याकडे नाही. योगायोग म्हणा, मी भांडणार नाही. पण रविवारी पप्पा माइक हातात घेतात तेव्हा सगळी कॉलनी विहारात असते, आणि मी घरी बसून त्या एकेचाळीसवर नजर ठेवलेली असते. हलत नाही ना, एवढंच बघतो.