डोल उचलून लग्नाला

आयुष्यभर प्रवास करूनही एसटी आतून कशी दिसते हे ज्याला सांगता आलं नसतं, असा एकच माणूस मी पाहिला आणि तो माझा सख्खा मामा होता. नवापूर ते मनोर, बोईसर ते दातिवरे, आमच्या मुलखातला एकही रस्ता त्याने सोडला नाही. वाहनाबद्दल त्याची अट एकच होती, ते माणसांसाठी निघालेलं नसावं. बर्फाचे टेम्पो, गवताचे ट्रक, विटांच्या गाड्या, बोईसरच्या कारखान्यांची निळी पिंपं वाहणारे लांबलचक ट्रक, आणि एकदा तर सर्कशीच्या तंबूचे बांबू नेणारी गाडी. या सगळ्यांत बसून मामा जगभर (म्हणजे पालघर तालुकाभर) हिंडला. कुणी त्याला फुकट्या म्हणू नये. विनातिकीट प्रवासाला तो चोरी समजे आणि तसं करणाऱ्याशी बोलत नसे. त्याचं तत्त्व वेगळं होतं. "जी गाडी जातेच हाय," तो मला समजावून सांगायचा, "ती काय माझ्यासाटी निघालीय? ती चाललीय बर्फासाटी. मी नाय बसलो तर बर्फ काय लवकर पोचनार हाय?"

ड्रायव्हर लोक त्याला ओळखत. बोईसरच्या नाक्यावर कुणी बिहारी किंवा राजस्थानी ड्रायव्हर गाडी हळू करून विचारायचा, "चाचा, आज किधर?" आणि मामा त्याच्या खास हिंदीत उत्तर द्यायचा, "जिदर तुमी जाता हाय, उदर." हे नुसतं सौजन्य नव्हतं. कुठे जायचं हे ठरवण्याचा अधिकार त्याने खरोखरच गाडीला देऊन टाकला होता. एकदा केळव्याला एका आजाऱ्याची चौकशी करायला निघालेला मामा संध्याकाळी वाड्याला पोचला. पिंपांचा ट्रक तिकडे वळला आणि चालत्या गाडीतून उतरून पुढे पैसे देऊन परत येणं त्याच्या मनाला पटेना. वाड्याहून परतणारी गाडी दोन दिवसांनी मिळाली. तोवर केळव्याचा आजारी बरा होऊन समुद्रावर गेला होता. "बगितलंस?" मामा म्हणाला, "ताबडतोब गेलो असतो तर फुकटची काळजी केली असती."

त्या काळात आम्ही काही मुलं लग्नातल्या उधळपट्टीविरुद्ध पत्रकं काढून वाटत असू. जमीन गहाण टाकून बँड आणणारे बाप, मानपानावरून मांडवात रुसणारे व्याही, कर्जाच्या अक्षता, असा सगळा दारूगोळा त्या पत्रकांत ठासून भरलेला असायचा. आमच्या चळवळीचा हा जन्मसिद्ध कार्यकर्ता आपल्याच घरात आहे या आनंदात मी मामाला पहिलं पत्रक दिलं. त्याने ते तोंडाने पुटपुटत पूर्ण वाचलं, मान डोलावली, मग उलटून पाहिलं. "बरोबर लिवलंय," तो म्हणाला. "पन एकाच बाजूनं छापलंय. दुसरी बाजू कोरी. ही उधळपट्टी नाय का?" पुढचं पत्रक आम्ही दोन्ही बाजूंनी छापलं.

मात्र या प्रवासी तत्त्वज्ञानाची एक किंमत होती आणि ती माझ्या आईने मोजली होती. आमच्यात नवरीला हाताला धरून मांडवात आणण्याचा मान मामाचा. मंगलाष्टकं संपेपर्यंत त्यानेच तिच्या पाठीशी उभं राहायचं. माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नाला मामा गवताच्या ट्रकवर बसून निघाला, ट्रकचा आस सफाळ्याच्या चढाला मोडला, आणि मामा आमच्या अंगणात पोचला तेव्हा मांडवाचे बांबू काढणं चाललं होतं. बहिणीला शेजारच्या कुणा मामाने मांडवात आणलं होतं. आई तीन वर्षं भावाशी बोलली नाही. धाकटीचं, म्हणजे ताईचं, लग्न ठरलं तेव्हा ती स्वतः नवापूरला मामाच्या घरी गेली आणि दारातूनच म्हणाली, "दादा, या वेळी टायमावर नाय आलास, तर माझा भाऊ मेला असं समजेन. आंघोळ करीन तुझ्या नावानं." मामा जाळं विणत बसला होता. त्याने मान वर न करता विचारलं, "एवढ्या उन्हात चालत आलीस काय?" आई एसटीने आली होती हे त्याला कळलं तेव्हा त्याचा चेहरा खरोखर पडला.

ताईचं म्हणणं वेगळंच होतं. ताईच्या लहानपणी आमचे वडील गेले, त्यानंतरची दोन वर्षं मामा दर आठवड्याला दातिवऱ्याला आमच्या घरी येत होता. घराचं छप्पर शाकारायचं असो की आमची होडी ओढून किनाऱ्यावर घ्यायची असो, तो हजर. तो दारात आला की ताई डोळे मिटून वास घ्यायची आणि ओरडायची, "आज गवत!" किंवा "आज बर्फ आनि कोलंबी!" पिंपांच्या ट्रकमधून आला की ती नाक धरून पळत सुटायची आणि मामा तिच्यामागे. तिकीट काढून यायचं ठरवलं असतं तर आमच्या मामाला महिन्यातून एकदासुद्धा येणं जमलं नसतं, हे मला फार नंतर समजलं. ताईला बहुधा तेव्हाच समजलं होतं. तिने सगळ्यांना सांगून ठेवलं, "दुसऱ्या कुनाचा हात धरून मी मांडवात जायची नाय. मामा आला तर लगीन."

या वेळी मामाने धोका पत्करायचा नाही असं ठरवलं आणि ट्रकवर न विसंबता आईच्या माहेरचं सगळं वऱ्हाड स्वतःच्या मच्छीमार बोटीतून आणायचं जाहीर केलं. नवापूरहून समुद्रमार्गे थेट दातिवऱ्याच्या खाडीत. "बोट तशीबी पान्यातच हाय," तो म्हणाला. बेत उत्तम होता. मामासारखा दर्याचा जाणकार तांडेल सुकाणूवर, पहाटे निघायचं, भरती उतरायच्या आत खाडीत शिरायचं, बाराच्या मुहूर्ताला भरपूर अवकाश. त्यात फक्त एक बारीकशी दुरुस्ती मामाने कुणाला न सांगता केली होती. त्याची डोल वाटेतच लागणार होती. डोल म्हणजे समुद्रात खुंट रोवून लावलेलं पिशवीसारखं मोठं जाळं. पूर्वी ती नवापूरसमोरच असे, पण कारखान्यांनी खाडीत असं काही सोडायला सुरुवात केली होती की तिथे मासाच राहीना, आणि देशाची प्रगती व्हावी म्हणून आमच्या लोकांना जाळी दूर दूर न्यावी लागली. मामाने विचार केला, बोट त्याच वाटेने जातेच आहे, तर जाता जाता डोल उचलून घ्यावी. उद्या पुन्हा तेवढ्यासाठी कोण येणार?

पुढचं मामीच्या तोंडून. तिने ते नंतर इतक्या वेळा सांगितलं की मला पाठ आहे. "चाळीस मानसं बोटीत. बायका शालू नेसून, डोक्यात अबोलीचे गजरे. आनि मधेच बोट थांबली. मी म्हटलं, काय झालं? तर म्हनतात, काय नाय, पानी थांबायची वाट बगतोय. डोल पानी थांबल्यावरच उचलता येते ना! मी म्हटलं, अवं, आपन लग्नाला चाललोय का म्हावऱ्याला? तर म्हनतात कसे, 'अर्ध्या घंट्याचं काम हाय.' आनि मग डोल वर आली, माझ्या बाई, ती येतच राहिली! वर्षभरात एवढं म्हावरं पडलं नव्हतं. त्या दिवशी बोंबलांनासुदा लग्नाचं आवतन होतं वाटतं. मी म्हटलं, सोडून द्या, बांधा तसंच पान्यात! तर माझ्याकडं असे बगायला लागले, जसं काय मी पोर पान्यात टाकायला सांगितलं. भरलेली डोल सोडायची म्हनजे काय! मग काय, सगळ्या बायका शालू खोचून बसल्या निवडायला. माझी भावजय जन्मात पहिल्यांदा नथ घालून बोंबील निवडत होती."

अर्ध्या तासाचे दोन तास झाले. बोट दातिवऱ्याच्या खाडीच्या तोंडाशी आली तेव्हा पाणी ओसरून गेलं होतं. ती चिखलात रुतली, एका बाजूला कलली आणि तिथेच राहिली. आमचं घर किनाऱ्यालगत, त्यामुळे मांडवातून ती स्पष्ट दिसत होती. कललेली बोट आणि तिच्यावर एका रांगेत दाटीने बसलेले लाल, हिरवे, जांभळे शालू. मांडवाचा लाउडस्पीकर बहुधा त्यांनाही ऐकू जात असावा.

इकडे मांडवात नवऱ्याचे काका होते. ते बोईसरला एका कारखान्यात सुपरवायझर होते आणि लग्नाकडेही ते एक शिफ्ट म्हणूनच पाहत. त्यांनी खास व्हिडिओ शूटिंगवाला आणला होता. दातिवऱ्याच्या इतिहासातला तो पहिलाच. तो माणूस जिकडे दिवा फिरवील तिकडचे लोक मेल्यासारखे ताठ होत. "अहो, टाइम काय झाला?" काका आईला म्हणाले. "मामाच पाहिजे ना? आमच्याकडे तीन आहेत. त्यातला एक घ्या." भटजींनी पोथीतून मान वर करून सांगितलं की मुहूर्ताला वीस मिनिटं आहेत. मुहूर्तावर माझा काडीचाही विश्वास नव्हता, पण त्या दिवशी मी घड्याळाकडे एखाद्या कर्मठ माणसासारखा पाहत होतो. आई मांडवाच्या खांबाला धरून बोटीकडे पाहत उभी होती, आणि तिचा चेहरा पाहून मला पहिल्यांदाच वाटलं की ती खरंच आंघोळ करील. आतल्या खोलीतून ताईचा निरोप आला, "त्यांना सांगा, बसायचं तर बसा, जायचं तर जा." काका लाल झाले. "ही काय पद्धत? आम्ही काय रिकामे आहोत?" असं म्हणून त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात नवऱ्याला उठवणार की बसवणार, हे क्षणभर कुणालाच कळेना.

तेवढ्यात बोटीवरून कुणीतरी उडी टाकली. आमच्या खाडीचा चिखल ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगतो, त्यात ओहोटीला कुत्रंसुद्धा उतरत नाही. एकेक पाऊल मांडीपर्यंत जातं आणि बाहेर काढताना पाय अंगापासून निघून येईल असं वाटतं. मामा साठीच्या आसपासचा होता. डोक्यावर नव्या सदऱ्याची घडी एका हाताने धरलेली, दुसरा हात वल्ह्यासारखा चालवत तो येत होता. दोनदा तो पडला. दोन्ही वेळा सदरा वर राहिला. बँडवाल्यांनी वाजवणं थांबवलं, जणू त्यांच्या आवाजाने तो आणखी रुतेल. आई अस्फुट म्हणाली, "सावकाश रे, दादा," आणि हे तिने तीन वर्षांचं मौन सोडल्यानंतरचं पहिलं मऊ वाक्य होतं.

किनाऱ्यावर सदरा चढवून कमरेच्या वर लग्नाला आलेला आणि कमरेच्या खाली खाडी असा तो माणूस मांडवात शिरला तेव्हा भटजींच्या मते चार मिनिटं उरली होती. "अहो, हातपाय तरी धुवा!" नवऱ्याचे काका ओरडले. "शूटिंग चाललंय!" मामा ओशाळून मागे वळला, पाण्याचं पिंप शोधू लागला. त्याच्या छातीचा भाता चालू होता. आतल्या खोलीच्या दारात ताई आली. तिने तिथूनच हात पुढे केला. मामा म्हणाला, "थांब गं, हातांना चिखल हाय. तुझ्या हलदीला लागंल."

"लागू दे," ताई म्हणाली. "चल."

मामाने तिचा हात धरला आणि ती दोघं मांडवात आली. जमिनीवर तिची हळदीची आणि त्याची चिखलाची अशी पावलं उमटत गेली. मंगलाष्टकं होईपर्यंत तो तिच्या मागे उभा राहिला, वाळत जाणारा, तडकत जाणारा. संध्याकाळी भरतीबरोबर बोट सुटून आली, वऱ्हाड उतरलं आणि त्याबरोबर टोपल्याच्या टोपल्या मासळी. रात्रीच्या पंगतीत नवऱ्याच्या काकांनी बोंबील तीनदा मागून घेतले. चिखलाबद्दल ते तेव्हा काही बोलले नाहीत.

बोलले ते पुढे, कॅसेट तयार होऊन आली तेव्हा. त्यांनी मामा दिसेल तो सगळा भाग कापून टाकायला लावला होता. "चार पाहुण्यांना दाखवायची वस्तू आहे," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे कॅसेटमध्ये आधी रिकामा पाट दिसतो, मग चित्र थोडं हलतं, आणि एकदम पाटावर ताई उभी असते. तिला कुणी आणलंच नाही जणू. मी चिडलो, पत्रक लिहायला निघालो. मामाने बोईसरला ताईच्या घरी ती कॅसेट एकदा पाहिली आणि मलाच गप्प केलं. "बरं केलं कापलं. चिखल काय बगायचा? पोर बग किती चांगली दिसते."

मामा गेला त्याला चार वर्षं झाली. ताईकडे कुणी नवीन माणूस आलं की ती कॅसेट अजून लागते. रिकाम्या पाटाचं ते चित्र आलं की ती स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर येते, यंत्र थांबवते आणि म्हणते, "इथं माझा मामा आला." मग ती खाडीपासून सांगायला लागते. ती सांगते तितका वेळ पडद्यावर नुसता मांडव थरथरत असतो. पाहुणे त्याच्याकडेच टक लावून पाहतात, आणि मीही.