बिजागरीवरून उतरवलेलं फाटक

एम्ब्रोज सटक्लिफनं आपल्या आवाराचं फाटक बिजागरीवरून उतरवलं ते विनी हार्डकॅसलच्या प्रेमापायी, अशी कुजबूज यॉर्कशरमधल्या ब्रॅकनशॉत वर्षानुवर्षं चालली. तिच्या नाजूक हातांना खिट्टी उचलायचा त्रास नको, म्हणून म्हणे. आता विनीचे हात नाजूक म्हणायचे तर नांगराच्या फाळालाही नाजूक म्हणावं लागेल. पण नगरपालिकेच्या बागेतल्या चहाच्या खिडकीत बसणारी मॉरीन डायसन गिऱ्हाइकाला साखर किती विचारायच्या आधी ही गोष्ट वाढायची, आणि आल्याच्या केकबरोबर ती सगळ्यांना गोडच लागायची. शिवाय दोघांनीही लग्न केलं नव्हतं. कुजबुजीला आणखी काय लागतं?

ही बाग म्हणजे पूर्वीची सटक्लिफांची शेती. लीड्सच्या कडेकडेनं घरं वाढत आली तेव्हा एम्ब्रोजनं सगळी कुरणं नगरपालिकेला विकली आणि घर, गोठा नि त्यापुढचं आवार एवढाच कोपरा राखला. नगरपालिकेनं तळ्याला कठडा घातला, बाकं मांडली आणि दाराशी पाटी लावली: ‘सोपी वर्तुळाकार फेरी. सर्व वयाच्या लोकांसाठी.’ ती पाटी विनी रोज वाचायची आणि रोज तिच्या अंगाची लाही व्हायची.

‘‘सोपी म्हणे,’’ ती म्हणायची. ‘‘ज्याचं काही गेलं नाही त्याला सगळंच सोपं.’’

फेरी तळ्यापासून सुरू होते, काटेरी कुंपणाच्या कडेनं क्रिकेटच्या मैदानामागे जाते, तिथून सटक्लिफच्या आवारातून पार होऊन मुलांच्या झोपाळ्यांपाशी निघते आणि चहाच्या खिडकीशी येऊन पुरी होते. आवार वगळलं तर वर्तुळ तुटतं. मग ट्रक धावणाऱ्या मोठ्या रस्त्यावरून वळसा घालायचा, तोही फुटपाथ नसलेल्या.

विनीचा बाप याच शेतावरचा गवळी. त्या काळी घर नोकरीबरोबर मिळायचं आणि नोकरीबरोबरच जायचं. शेती विकली, दोन-चार सोडून सगळ्या गाई गेल्या, नोकरी गेली, घर गेलं. एका शनिवारी हार्डकॅसलांचं सामान गल्लीत मांडलेलं होतं आणि म्हातारा स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर, भर गल्लीत, मांडीवर भिंतीवरचं घड्याळ घेऊन बसला होता. एम्ब्रोज त्याच्या समोरून गेला. ज्या माणसानं रात्र रात्र जागून त्याच्या गाईंना वियायला मदत केली, त्याच्याकडे त्यानं मानसुद्धा वळवली नाही. पुढं म्हातारा एक पावसाळी हिवाळा बहिणीच्या माजघरात काढून मेला.

विनी तेव्हा ऐन विशीतली. बाप गेल्याच्या दुसऱ्या सकाळपासून ती सटक्लिफच्या आवारातून चालायला लागली. गमबूट आपटत, छत्री भाल्यासारखी धरून, बरोबर त्याच्या न्याहारीच्या वेळी, खिडकीसमोरून. त्यानं हटकावं, मग आपण काय काय सुनवायचं याची तिची तयारी चोख होती. तो खिडकीत बसून अंडं फोडत राहायचा. बाकीचे लोक चालतात तब्येतीसाठी. विनी चालायची भांडायला, आणि समोरचा बोलतच नसल्यामुळे ते भांडण काही मिटेना. मग फाटक उतरलं, आणि तिच्यामागून सगळं ब्रॅकनशॉ त्या वाटेनं चालू लागलं: कुत्रेवाले, बाबागाड्या, गुडघे बदललेले.

एम्ब्रोज मेला तेव्हा विनी मयताला गेली नाही. मॉरीननं त्याचाही अर्थ लावला: दुःख सहन होत नसेल बिचारीला.

मग लंडनहून त्याचा पुतण्या ज्युलियन आला. त्याला आवारात सहा घरं बांधायची होती. पंधरवड्यात तिथं नवं पोलादी फाटक आलं, कुलूप आलं आणि पाटी आली: ‘मालकांच्या सौजन्याने आजवर खुली असलेली ही वाट बंद करण्यात येत आहे.’

विनीनं ती पाटी दोनदा वाचली. कुलपाचं तिला एवढं काही वाटलं नाही.

‘‘सौजन्य?’’ ती शेजारी थांबलेल्या बाबागाडीवालीला म्हणाली. ‘‘त्या माणसाचं?’’

बाबागाडीवालीनं लेकराचं पांघरूण नीट केलं. ती मोठ्या रस्त्याकडे वळली. पहिलाच ट्रक तिला आणि तिच्या लेकराला चिखलानं माखून गेला. विनीनं ते पाहिलं आणि तडक घरी जाऊन डोक्याला स्कार्फ बांधून नगरपालिका गाठली.

कायदा असा, की जिथून लोक वीस वर्षं उघडपणे, दांडगाई न करता आणि मालकाला न विचारता चालले, ती वाट लोकांची होते. मात्र मालकाची परवानगी होती असं ठरलं, तर सगळं मुसळ केरात. ज्यानं दिली तो परत घेऊ शकतो. चौकशी क्रिकेट क्लबाच्या खोलीत ठेवली आणि पहिल्यापासून चाललेली म्हणून विनीला मुख्य साक्षीदार केलं.

आदल्या दिवशी ती चहाच्या खिडकीशी गेली.

‘‘मॉरीन, उद्या तू तिथं तोंड उघडायचं नाहीस.’’

‘‘अगं राणी, मी तर तुझ्याच बाजूनं बोलणार आहे.’’

‘‘म्हणून तर सांगतेय.’’

पण मॉरीनचं तोंड म्हणजे तिच्या किटलीसारखं, उकळलं की झाकण राहत नाही. दुसऱ्या दिवशी ती नवी टोपी घालून उठली आणि रुमाल डोळ्यांना लावून तिनं फाटकाची सगळी प्रेमकहाणी सांगितली. खोलीत दोन-चार जणांनी नाकं ओढली. ज्युलियनचा वकील मात्र लोणी दिसलेल्या बोक्यासारखा हसला. म्हणजे दिवंगत सटक्लिफ यांनी मिस हार्डकॅसल यांच्यासाठी आपणहून वाट मोकळी करून दिली, त्यांच्या ओळखीवर बाकीचे चालले, म्हणजे परवानगीच झाली, असं त्यानं मांडलं. वाट गेल्यातच जमा होती.

 या कुजबुजीला विनीनं आजवर कधी खोटं म्हटलं नव्हतं. का, ते तिचं तिला ठाऊक होतं. लोक प्रेमाबद्दल बोलत होते तोवर कुणी गल्लीतल्या खुर्चीबद्दल बोलत नव्हतं. नव्या घरांतल्या लोकांना ती खुर्ची माहीतच नव्हती. आता ती पुन्हा भर गल्लीत मांडायची, नाहीतर त्या माणसाचं सौजन्य कायमचं कबूल करायचं.

ती उठली. बाप, शनिवार, घड्याळ, सगळं तिनं सांगितलं. रडली नाही; रागानं एकेक शब्द टाकत गेली, दगड टाकावेत तसा. ज्युलियन बुटांकडे बघत बसला.

चौकशी करणाऱ्या सरकारी बाईंनी विचारलं, ‘‘सटक्लिफ तुम्हाला कधी ‘या’ म्हणाले होते?’’

‘‘नाही.’’

‘‘येऊ नका, असं?’’

‘‘तेही नाही. तो माझ्याशी मरेपर्यंत एक शब्द बोलला नाही, बाई. ‘आज गारठा आहे’ एवढंसुद्धा नाही.’’

खोलीत सगळे यॉर्कशरचे, वैऱ्याशीसुद्धा हवेवर दोन शब्द बोलणारे. दोन माणसं इतकी वर्षं रोज समोरासमोर येऊन गारठ्यावरसुद्धा बोलली नाहीत म्हणजे काय, हे कुणाला फोड करून सांगावं लागलं नाही.

वकील म्हणाला, ‘‘मग त्यांनी फाटक का उतरवलं, मिस हार्डकॅसल?’’

तिनं तेही सांगितलं. ऐकून कुत्रेवाल्यांच्या भुवया वर गेल्या, मागच्या बाकावरचा एक म्हातारा शेतकरी ‘अरेरे’ म्हणाला आणि मॉरीननं रुमालाची घडी करून पर्समध्ये टाकली.

उन्हाळ्यात निकाल लागला. वाट लोकांची. पोलादी फाटक निघालं, पाटी निघाली, वर्तुळ पुन्हा पुरं झालं. घरांचा बेत बारगळलेला ज्युलियन आता तिथंच राहतो आणि विनी दिसली की हात वर करून ‘हवा छान आहे’ म्हणतो. याचाही तिला संताप येतो, कारण उत्तर द्यावं लागतं.

मॉरीन अजूनही नव्या गिऱ्हाइकांना प्रेमकहाणीच वाढते. खरी हकिगत केकबरोबर चालत नाही म्हणते.

खरी हकिगत अशी. विनी ते फाटक रोज मुद्दाम उघडं टाकून जायची आणि सटक्लिफच्या उरलेल्या गाई रस्त्यावर जायच्या. ‘लावून जा’ म्हणायला एम्ब्रोजला तिच्याशी बोलावं लागलं असतं. म्हणून त्यानं गाई मागच्या बाजूला कोंडल्या आणि फाटक उतरवलं.